बोनान्झाच्या ओढ्यात सोनं का साठलं, कसं काढलं आणि आज परात फिरवली तर हाती काय लागेल

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅल्गरीत राहणारं एक मराठी कुटुंब ऑगस्टमध्ये गाडीनं कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या डॉसन सिटीला जाणार आहे. १८९६ साली ज्या बोनान्झा क्रीकवर सोनं सापडून क्लोंडाइकची धावाधाव सुरू झाली, तिथं त्यांना एक दिवस काढायचाय. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात: एवढ्या अफाट मुलखात याच ठिकाणी सोनं का, सव्वाशे वर्षं उपसल्यावर तिथं अजून काय उरलंय, आणि तासभर परात फिरवली तर एका अंगठीपुरतं तरी मिळेल का.

आधी एक शब्द निस्तरू. मराठी बातम्यांत 'क्रीक'चं सरसकट 'खाडी' होतं. ठाण्याच्या खाडीला ते शोभतं, तिथं भरतीचं पाणी आत येतं. उत्तर अमेरिकेत मात्र क्रीक म्हणजे डोंगरातून उतरणारा साधा ओढा. बोनान्झा तसाच आहे. उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी तो गमबुटांवर ओलांडता येतो. असला किरकोळ ओढा डोळ्यांपुढे आणलात की पुढचं सगळं सोपं जाईल, कारण मूळ घोळ तिथंच आहे. 'ओढ्यानं वाहून सोनं आणलं' असं आपण धरून चालतो. खरा प्रश्न उलटा आहे: लाखो वर्षांत ते वाहून किंवा विखरून का गेलं नाही?

नकाशा घ्या. डॉसन साधारण ६४ अंश उत्तरेवर आहे, आर्क्टिक वृत्ताच्या अडीच अंश खाली. क्लोंडाइक नदी युकॉन नदीला मिळते त्या संगमावर ते वसलंय. संगमाच्या जरा वरच्या बाजूला दक्षिणेकडून बोनान्झा येऊन क्लोंडाइकला मिळतो. त्याची लांबी सुमारे ३० किलोमीटर. उगम किंग सॉलोमन डोम नावाच्या १,२३४ मीटर उंचीच्या गोल माथ्याकडे. डॉसन साधारण ३२० मीटरवर. या माथ्याभोवती बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे ओढे पसरलेत: बोनान्झा आणि हंकर उत्तरेकडे क्लोंडाइकला जातात, डोमिनियन, सल्फर, क्वार्ट्झ हे दक्षिणेच्या इंडियन नदीकडे. या सगळ्यांत सोनं निघालं. म्हणजे 'याच ओढ्यात का' याचं अर्धं उत्तर असं की फक्त याच ओढ्यात नाही. बोनान्झा आधी सापडला आणि नाव त्याचं झालं. त्याला मिळणारा एल्डोराडो हा छोटा ओढा तर फुटाफुटाला त्याच्याहून श्रीमंत निघाला.

डोमच्या परिसरातला खडक म्हणजे शिस्ट, पापुद्रे सुटणारा, अभ्रकानं चमचमणारा. त्यातून गारगोटीच्या बारीक शिरा गेल्यात आणि सोनं मुळात त्या शिरांमधलं. बोनान्झाच्या वरच्या अंगाला व्हिक्टोरिया गल्चमध्ये लोन स्टार नावाची खडकातली खाण होती, तिथं अशा शिरा प्रत्यक्ष खणल्या गेल्या. पण ज्याला लोक 'मूळ खजिना' म्हणतात तसली एखादी जाडजूड शीर कुणाला मिळाली नाही. शिरा पातळ आणि विखुरलेल्या. डोंगर झिजत गेला, गारगोटी फुटली, हलकं होतं ते पाण्यानं पुढे नेलं आणि जड होतं ते जवळपास राहिलं. शुद्ध सोन्याची घनता १९.३, गारगोटीची २.६५. आपल्याकडे तांदूळ रोळतात तेव्हा काय होतं? पाण्याबरोबर तांदूळ दुसऱ्या भांड्यात जातात आणि खडे तळाशी राहतात. निसर्गानं इथं डोंगरच रोळलाय.

असे झिजणारे डोंगर कॅनडात इतरत्रही होते. फरक पडला तो हिमयुगामुळे. कॅनडाचा बहुतेक भाग बर्फाच्या जाड थराखाली होता. हिमनदी म्हणजे बुलडोझर: दरीचा तळ खरवडते, गोटे, माती, सोनं सगळं कालवते आणि शेकडो किलोमीटरवर पसरून टाकते. डॉसनच्या भोवतालचा पट्टा मात्र बर्फाखाली गेला नाही. थंडी भरपूर होती, पण पॅसिफिककडून येणारी ओल सेंट इलायस पर्वतरांगांनी अडवली. हिमनद्या वाढायला बर्फच पुरेसं पडलं नाही. त्यामुळे इथले जुने नदीतळ जिथल्या तिथं राहिले. नव्या ठिकाणी पाहणी करताना आमच्या धंद्यात पहिला प्रश्न हाच असतो: इथं बर्फ फिरलं होतं का? फिरलं असेल तर सगळा हिशोब बदलतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग, जो पर्यटकांच्या माहितीपत्रकात दोन ओळींत उरकतात. बोनान्झाच्या दरीत उभे राहून वर पाहिलंत तर दोन्ही बाजूंना टेकड्यांच्या खांद्यावर पांढुरके कडे दिसतील. तो ओढ्याचा जुना तळ. भूवैज्ञानिक आर. जी. मॅक्कॉनेल यांच्या काळापासून त्याला 'व्हाइट चॅनल' म्हणतात. हिमयुगाच्या आधी, काही दशलक्ष वर्षांपूर्वी, ओढा त्या पातळीवरून वाहत होता, संथ आणि रुंद. त्यानं साठवलेला गोटेवाळूचा थर काही ठिकाणी ४० मीटरपेक्षाही जाड आहे. त्यात गारगोटीच जास्त, म्हणून रंग पांढरा. पुढे हिमयुग सुरू झालं तेव्हा बर्फानं युकॉन नदीची जुनी दक्षिणेची वाट अडवली, नदी उलटी फिरून वायव्येला वाहू लागली. मुख्य नदीची पातळी बदलली की तिचे ओढे तळ कापत खाली जातात. बोनान्झा जुन्या तळात घुसून ४५ ते ९० मीटर खाली उतरला. जुन्या तळाचे तुकडे वर पायऱ्यांसारखे लटकत राहिले आणि कापून निघालेल्या भागातलं सोनं खालच्या नव्या तळाशी पुन्हा जमा झालं. एकदा रोळलेलं पुन्हा रोळलं गेलं. बोनान्झाच्या श्रीमंतीचं कारण एका वाक्यात हवं असेल तर ते हे.

आजच्या दरीचा छेद कसा लागतो तेही सांगतो, कारण खाणीची प्रत्येक पद्धत त्याच्यावरच ठरली. सगळ्यांत वर मॉस आणि झुडपं. खाली काळा, कुजका, गोठलेला गाळ. तिथले लोक त्याला 'मक' म्हणतात. हा कुठे अर्धा मीटर, कुठे नऊ मीटर आणि जास्तही. यात सोनं जवळजवळ नसतं, असतात मॅमथ, हिमयुगातले घोडे आणि गवे यांची हाडं. त्याखाली साधारण सव्वा ते तीन मीटर गोटेवाळू. आणि तिच्याखाली शिस्टचा कातळ, वरून कुजलेला, भेगाळलेला. सोनं मुख्यतः गोटेवाळूच्या शेवटच्या हातभर थरात आणि कातळाच्या वरच्या मीटर-दीड मीटरच्या भेगांत. त्यातही ते दरीभर सारखं पसरलेलं नसतं; एक अरुंद पट्टा असतो आणि तो आजच्या पाण्याच्या धारेखालीच असेल असं मुळीच नाही. नवखा माणूस पाण्यात उभा राहून वाळू उपसतो ती म्हणूनच चुकीच्या जागी.

आणि हे सगळं गोठलेलं. पर्माफ्रॉस्ट म्हणजे वर्षभर न वितळणारी जमीन. उन्हाळ्यात वरचा थोडासा थर सुटतो, खाली दगडासारखं कठीण. कुदळ मारली तर ठिणगी उडते, ढेकूळ निघत नाही. क्लोंडाइकचा खाणकामाचा इतिहास म्हणजे ही जमीन स्वस्तात कशी वितळवायची याचाच इतिहास आहे.

शोधाची गोष्ट थोडक्यात. १६ ऑगस्ट १८९६ रोजी सोनं दिसलं, दुसऱ्या दिवशी क्लेमच्या, म्हणजे खणायचा हक्क सांगून मापून घेतलेल्या तुकड्याच्या, खुंट्या ठोकल्या. तेव्हा या ओढ्याचं नाव रॅबिट क्रीक. मंडळी कोण? अमेरिकन जॉर्ज कार्मॅक, त्याची पत्नी केट म्हणजे शॉ त्ला, तिचा भाऊ कीश म्हणजे स्कूकम जिम, आणि भाचा कागूक्स म्हणजे डॉसन चार्ली. पहिलं सोनं जिमनं पाहिलं की कार्मॅकनं यावर तेव्हापासून वाद आहे. नोंद कार्मॅकच्या नावे झाली, आदिवासी माणसाच्या नावावर शोधाचा क्लेम मान्य होणार नाही ही भीती त्यामागे होती. रॉबर्ट हेंडरसन नावाचा खाणवाला शेजारच्या गोल्ड बॉटम ओढ्यावर आधीपासून खणत होता आणि त्यानंच कार्मॅकला या भागाची खबर दिली होती. त्याला बोनान्झाची बातमी वेळेत कळलीच नाही. क्लेम नोंदवायला फोर्टीमाइल गावी जावं लागे. १७ जुलै १८९७ ला पोर्टलंड जहाज सोनं घेऊन सिॲटलला लागलं आणि जगाला बातमी कळली, तोवर बोनान्झा आणि एल्डोराडो यांचा तळ कधीच वाटून झाला होता. नंतरच्या वर्षी हजारो लोक डोंगर ओलांडून आले ते दुसऱ्याच्या क्लेमवर रोजंदारीला लागायला. या गर्दीत ज्यांची ती भूमी, त्या त्रोंडेक ह्वेचिन लोकांची संगमावरची मासेमारीची जागा गेली. मुखिया आयझॅक यांनी आपले लोक नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला हलवले. 'क्लोंडाइक' हा शब्दही त्यांच्याच 'त्रोंडेक'चा बिघडलेला उच्चार. २०२३ साली युनेस्कोच्या यादीत हा परिसर 'त्रोंडेक-क्लोंडाइक' नावानं गेला, ते योग्यच झालं.

तिथं गेल्यावर पाट्या वाचता याव्यात म्हणून क्लेमचे आकडे समजून घ्या. ओढ्याच्या लांबीत एक क्लेम ५०० फुटांचा, म्हणजे सुमारे १५२ मीटर. पहिला तो 'डिस्कव्हरी'. त्याच्या वरच्या अंगाचे '१ अबव्ह', '२ अबव्ह', खालच्या अंगाचे '१ बिलो', '२ बिलो'. शोधणाऱ्याला एक जादा क्लेम मिळे, म्हणून कार्मॅककडे डिस्कव्हरी आणि १ बिलो, जिमकडे १ अबव्ह, चार्लीकडे २ बिलो. '१७ बिलो' म्हटलं की डिस्कव्हरीपासून १७ गुणिले १५२, म्हणजे अडीच किलोमीटरच्या आसपास खाली, असा हिशोब मनात होतो. घाईत दोऱ्यांनी मापलेल्या क्लेमांत बऱ्याच चुका होत्या. सरकारी मोजणीदार विल्यम ओगिल्व्ही यांनी फेरमोजणी केली तेव्हा मधे मधे फटी निघाल्या. त्यातली एक चिंचोळी फट डिक लो नावाच्या त्यांच्या मदतनिसानं काहीशा नाखुशीनंच घेतली आणि ती अख्ख्या भागातल्या सर्वांत श्रीमंत तुकड्यांपैकी निघाली. जमिनीचा पट्टा कुठे जातो हे खुंट्या ठोकणाऱ्याला ठाऊक नसतं, एवढाच त्याचा अर्थ.

आता काम कसं चाले. खणायचं हिवाळ्यात, धुवायचं वसंतात. हे उलटं वाटतं, पण कारण पक्कं आहे. उन्हाळ्यात खड्डा खणला तर पाणी भरतं आणि सुटलेल्या भिंती ढासळतात. हिवाळ्यात गोठलेली जमीन स्वतःच भिंत असते. लाकडाचा टेकूही लागत नाही. संध्याकाळी खड्ड्याच्या तळाशी वाळक्या स्प्रूसची लाकडं रचून पेटवायची, रात्रभर जळू द्यायची, सकाळी राख आणि सुटलेला माल वर काढायचा. एका आगीत साधारण ३० सेंटिमीटर उतरता येई. कातळ पाच मीटरवर असेल तर सोळा-सतरा आगी झाल्याशिवाय तो दिसत नसे. आणि कातळ लागला तरी सोनं लागेलच असं नाही. पट्टा दहा हात बाजूला असू शकतो. मग तळाशी आडवा बोगदा: भिंतीला आग लावायची, सुटलेला माल काढायचा, थोडा थोडा धुऊन पाहत पट्ट्याच्या मागे सरकायचं. माल हातरहाटानं वर, बाजूला ढीग. आग नीट विझायच्या आत खाली उतरलेला माणूस जळक्या लाकडाच्या विषारी वायूनं गुदमरे. धोका ढासळण्यापेक्षा याचा जास्त.

हिवाळाभर साठवलेला ढीग पुन्हा गोठून बसे. मे महिन्यात बर्फ वितळलं, ओढ्याला पाणी आलं की धुलाई सुरू. त्यासाठी स्लूस: फळ्यांची पन्हळ, प्रत्येक पेटी १२ फूट लांब, फूटभर रुंद, एकीत एक बसवलेली. तळाशी आडव्या पट्ट्या किंवा लांबीत ठेवलेले बारीक वासे, म्हणजे त्यांच्या आडोशाला जड माल अडकतो. उतार फुटाला एक इंचाच्या आसपास. ही एकच गोष्ट नवख्याला बुडवते. उतार जास्त झाला की बारीक सोनं थेट बाहेर. कमी झाला की पट्ट्यांमधली वाळू घट्ट बसते आणि मग तिच्यावरून सोनं सिमेंटवरून जावं तसं घसरत जातं. मक किंवा चिकणमाती नीट फुटली नाही तर तिचे गोळे घरंगळताना सोन्याचे कण अंगाला चिकटवून घेऊन जातात. आजही हिशोबापेक्षा सोनं कमी आलं तर पट्ट्या तपासायच्या आधी माती फुटतेय का ते बघायचं. पाणी कमी असेल तिथं रॉकर, म्हणजे पाळण्यासारखी हलवायची पेटी. काम मंद, पण तेच पाणी फिरवून वापरता येतं.

या पद्धतीत लाकूड बेसुमार जाई. डॉसनभोवतीच्या टेकड्या काही वर्षांत बोडक्या झाल्या. १८९८ नंतर वाफेचा वापर पसरला: बॉयलरची वाफ टोकदार लोखंडी नळीतून जमिनीत सोडायची. धूर नाही, आणि हवी तेवढीच जागा वितळते. बॉयलरलाही लाकूड लागेच, पण त्याच लाकडात काम कितीतरी जास्त होई.

वरच्या पांढऱ्या कड्यांचं सोनं सापडलं ते नवख्यांना. मुरलेल्या खाणवाल्यांचं मत ठाम होतं की सोनं दरीच्या तळाशीच असतं. टेकडीवर खणणाऱ्यांना ते हसत. १८९७-९८ मध्ये चीचाको हिल, फ्रेंच हिल, गोल्ड हिल इथं माल निघाला. 'चीचाको' म्हणजे तिकडच्या बोलीत नवशिका, टेकडीचं नाव त्यावरून. आमच्या धंद्यातल्या जाणत्यांनी हे नाव अधूनमधून आठवावं. या थरांसाठी पाण्याचा मारा लागतो, आणि वर पाणी नाही. म्हणून युकॉन गोल्ड कंपनीनं १९०६ ते १९०९ मध्ये टूमस्टोन नदीपासून बोनान्झापर्यंत शंभर किलोमीटरहून लांब पाट, लाकडी पन्हळ्या आणि पाइप यांची साखळी बांधली. क्लोंडाइकची दरी पाइपनं ओलांडली. मग मोठ्या तोट्यांनी कडेच्या कडे धुऊन काढले. पांढऱ्या मातीचे उघडे ओरखडे अजून दिसतात.

त्यानंतर ड्रेज. बादल्यांची साखळी लावलेलं तरंगतं कारखान्याएवढं घर: स्वतःच्या डबक्यात तरंगतं, पुढची जमीन खणतं, पोटात धुतं, मागे टाकतं आणि डबकं घेऊन पुढे सरकतं. बोनान्झावर १७ बिलोला उभा असलेला ड्रेज नंबर ४ अवश्य बघा. १९१२ च्या उन्हाळ्यात-हिवाळ्यात बांधला, मे १९१३ मध्ये क्लोंडाइकच्या दरीत सुरू झाला, १९४१ मध्ये बोनान्झावर नव्यानं उभारला आणि १९५९ पर्यंत चालला. आठ मजले उंच, वजन तीन हजार टनांवर. प्रत्येक बादली १६ घनफुटांची, मिनिटाला २२ बादल्या. पाण्याच्या पातळीखाली १७ मीटरपर्यंत खणायचा. हंगाम एप्रिलअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत, साधारण दोनशे दिवस, आणि तेवढ्यात पुढे सरकायचा जेमतेम ८०० मीटर. आयुष्यभरात त्यानं सुमारे नऊ टन सोनं दिलं.

पण ड्रेजच्या बादल्यांनाही गोठलेली जमीन चावता येत नाही. त्याआधी तोट्यांनी मक धुऊन काढायचा आणि गोटेवाळू वितळवायची. इथं सगळ्यांत सुंदर युक्ती आली: वाफेऐवजी थंड पाणी. ओढ्याचं पाणी गोठणबिंदूच्या थोडंसंच वर असतं, तरी बर्फापेक्षा गरमच. काही मीटरांच्या अंतरानं नळ्या ठोकून ते आठवडेच्या आठवडे जिरवलं की जमीन सुटते. इंधनाचा खर्च शून्य, फक्त घाई चालत नाही; ड्रेज येण्याच्या एक हंगाम आधी जमीन तयार ठेवावी लागते. युकॉन कन्सॉलिडेटेड गोल्ड कॉर्पोरेशनचे ड्रेज १९६६ पर्यंत चालले ते या हिशोबावर.

तर उरलंय काय? क्लोंडाइकच्या पट्ट्यातून आजवर तीनशे टनांहून अधिक सोनं निघालं, तरीही दरवर्षी बुलडोझर आणि एक्स्कॅव्हेटर लावून लोक तिथं काम करतात. हिवाळी बोगदेवाल्यांनी पट्ट्याच्या कडा सोडल्या, कारण आग लावण्याइतकं त्यात मिळत नव्हतं. ड्रेजला दरीच्या कोपऱ्यात वळता येत नव्हतं, आणि कठीण कातळाच्या खोल भेगांतलं त्याला निघत नव्हतं. अगदी बारीक, पत्र्यासारखं सोनं त्याच्या स्लूसवरून निसटलं. आजचे लोक तेच जुने ढीग बाजूला करून कातळ खरवडतात आणि माल आधी चाळून मग धुतात, कारण मोठे गोटे वगळले की कमी पाण्यात, कमी वेगात बारीक सोनं थांबतं. निसर्ग मात्र दरवर्षी नवं सोनं आणून टाकत नाही.

इथवर आलात तर एवढं धरून ठेवा: सोनं जड, म्हणून तळाशी, तळ जुना, म्हणून पाण्याच्या आजच्या धारेशी त्याचा संबंध कमी, आणि बोनान्झाची जवळपास सगळी दरी ड्रेजनं एकदा उलथीपालथी केलेली.

यातलं शेवटचं तुमच्यासाठी कामाचं आहे. ड्रेजनं नैसर्गिक क्रम उलटा केलाय. बारीक वाळू स्लूसमधून लगेच मागे पडली, म्हणून ती खाली. मोठे गोटे मागच्या सरकत्या पट्ट्यावरून उंच जाऊन वर पडले. तुम्हाला रस्त्याच्या कडेला अळ्यांसारखे वळवळते गोट्यांचे ढीग दिसतील, त्यांच्या माथ्यावर खणण्यात काही अर्थ नाही. शिवाय ते कुणाच्या तरी क्लेमवर असतात. बोनान्झावर जवळपास प्रत्येक मीटरला मालक आहे. परवानगीशिवाय परात घेऊन बसणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतात भुईमूग उपटणं.

तुम्ही जायचं ते 'क्लेम ६ अबव्ह'वर. तो क्लोंडाइक व्हिजिटर्स असोसिएशननं पाहुण्यांना फुकट खुला ठेवलाय, मिळेल ते तुमचं. डिस्कव्हरीपासून वर किलोमीटरच्या आत. डॉसनकडून येताना आधी ड्रेज, मग डिस्कव्हरी क्लेम, मग हा. हातानं वापरायची अवजारंच चालतात, यंत्र नाही. त्या वर्षीचे नियम डॉसनच्या माहिती केंद्रात विचारून घ्या. ऑगस्टचा तिसरा सोमवार युकॉनमध्ये डिस्कव्हरी डे, सुट्टी असते. त्या दिवसांत मुक्काम करणार असाल तर खोली आधी राखून ठेवा.

सामान: १४ इंची, हिरवी किंवा काळी प्लास्टिकची परात, एका बाजूला आतून खाचा असलेली. नवी परात तेलकट असते आणि तेलकट पृष्ठभागावर बारीक सोनं चक्क तरंगतं. घरीच भांड्यांच्या साबणानं आणि मूठभर वाळूनं घासून आणा. अर्ध्या इंचाची चाळणी, छोटं फावडं, जुना स्क्रू-ड्रायव्हर, दाबून ओढायची लहान प्लास्टिक बाटली, गमबूट, रबरी हातमोजे. पाणी इतकं थंड असतं की दहा मिनिटांत मुलांची बोटं बधिर होतात आणि हौस संपते. डासांचं औषध आणि अस्वलांची जाण, हे वेगळं सांगायला नको.

माल कुठला घ्यायचा हे त्या दिवशीच्या पाण्यावर आणि आधीच्या लोकांनी काय उकरलंय यावर अवलंबून. उघडा कातळ दिसला तर त्याच्या भेगा स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडा, मूठभरच माल निघेल पण तो चांगला. नाहीतर मोठ्या, न हललेल्या गोट्याच्या खालच्या अंगाची, प्रवाहाआडची वाळू. मॉसची आणि गवताची मुळं पुराचं बारीक सोनं धरून ठेवतात, ती परातीत झटका. वरची सुटी, स्वच्छ, सुंदर वाळू सोडून द्या.

परात दोन तृतीयांश भरा, आधी चाळून. पाण्यात बुडवून हातानं मळा. मातीचा एक गोळाही राहू देऊ नका, कारण वर सांगितलंच. मग पाण्याखालीच आडवी, सपाट, डावी-उजवीकडे जोरात हलवा, दहा-पंधरा सेकंद. ही पायरी लोक टाळतात आणि थेट फिरवायला लागतात. सोनं तळाशी बसायच्या आधीच बाहेर जातं. आता खाचा पुढे ठेवून परात जराशी कलती करा, पाण्यात बुडवा, उचला, वरचा थर वाहू द्या. तीन-चार वेळा असं केलं की पुन्हा सपाट हलवणं. शेवटी चमचाभर काळी वाळू उरेल, मॅग्नेटाइट वगैरे जड खनिजांची. कोकणच्या किनाऱ्यावर दिसते तशीच. ती दिसली म्हणजे तुमची रीत बरोबर आहे. चार घोट पाणी ठेवून हळूच गोल फिरवा. काळी वाळू सरकते आणि शेपटाला पिवळे ठिपके राहतात.

पहिल्या दिवशी हमखास फसवतं ते अभ्रक, शिस्टमध्ये ते भरपूर. उन्हात सोन्यासारखं झळकतं. परातीवर सावली धरा: सोन्याचा रंग तसाच राहतो, अभ्रक विझतं. पाणी हलवलं की अभ्रक उडतं, सोनं जागचं हलत नाही. सुईनं टोचा: अभ्रक पापुद्र्यात सुटतं, पायराइट (सोन्यासारखं दिसणारं दुसरं खनिज) फुटतं, सोनं दबतं. काळी वाळू तिथंच वेगळी करत बसू नका. बाटलीत ओढून घरी न्या, वाळवा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक वरून फिरवा. चुंबक उघडं वापरलंत तर त्याला चिकटलेली वाळू झाडता झाडता सोनंही जाईल. उठताना खड्डे बुजवा.

अंगठीचा हिशोब. अर्ध्या तोळ्याची धरू, ५.८ ग्रॅम. मिलिमीटर लांब-रुंद आणि दशांश मिलिमीटर जाड कण दीड मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. असे साडेतीन हजारांहून जास्त लागतील. एका परातीत तुम्हाला बहुधा शून्य ते चार दिसतील, आणि बरेचसे याहून लहान. तुलनेसाठी: १८९६ मध्ये परातीला दहा सेंटचं सोनं म्हणजे उत्तम जमीन समजत. सोन्याची धूळ तेव्हा डॉसनमध्ये औंसाला सुमारे १६ डॉलरनं चाले, म्हणजे दहा सेंट हे ०.१९ ग्रॅम. तसल्या जमिनीतही अर्ध्या तोळ्याला तीस पराती लागल्या असत्या. शुद्ध सोन्याचा भाव तेव्हा २०.६७ डॉलर होता. धुळीला कमी मिळे कारण तिच्यात काळी वाळू असे आणि क्लोंडाइकच्या सोन्यात मुळातच चांदी बरीच. साधारण ८०० कस, म्हणजे हजारात ८०० भाग सोनं, धरला तर ते १९ कॅरट होतं. त्यामुळे अंगठी हवीच असेल तर डॉसनच्या दुकानांत स्थानिक कणांचे दागिने मिळतात, ते घ्या. रंग आपल्या बावीस कॅरटपेक्षा फिका दिसला म्हणून दुकानदाराशी वाद घालू नका.